उलटी घातलेली कव्हरं

शाळा सुरू होण्याआधीचा रविवार आमच्या घरात कव्हरांचा असायचा. बेंगळुरूला के. आर. पुरमच्या आमच्या दोन खोल्यांत जेवणं आटोपली की आई चटई अंथरायची, अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, कात्री आणि डिंकाची बाटली घेऊन बसायची, आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, पलंगाखालून कागदांची जाडजूड गुंडाळी ओढून काढायचे. इतर घरांत या कामाला दुकानातून खाकी कागद यायचा. आमच्याकडे कागद विकत आणायचा प्रश्नच नव्हता. अण्णा बोम्मसंद्र्याला खोकी तयार करणाऱ्या एका कारखान्यात मशीनमन होते. खोक्यांवरची छपाई त्यांच्या हाताखालून जायची, आणि तिथला वेस्ट कागद घरी न्यायची त्यांना परवानगी होती.

हा वेस्ट कागद म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझं पोट आज त्याच्यावरच चालतं. छपाई सुरू करताना रंग एकमेकांवर बरोबर बसेपर्यंत मशीनमधून बरेच कागद सोडावे लागतात. त्यासाठी कोरा कागद कोण घालणार? मग जुने छापलेले कागदच पुन्हा पुन्हा घालतात. त्यामुळे एकाच कागदावर आधी उदबत्तीचा पुडा, त्यावर खोकल्याच्या औषधाचं खोकं, त्यावर मिक्सरचं, असे पाच-सहा थर चढलेले असायचे. अक्षरं एकमेकांत घुसून वाचता येईनाशी व्हायची. कुठे नुसताच जांभळा डाग, कुठे हिरव्याच्या कडेने सरकलेली पिवळी रेघ. कसला कागद आहे हे कुणाला सांगता येत नसे.

आई प्रत्येक कागद उजेडात धरून तपासायची. उदबत्तीच्या पुड्यांवर देव असतात. दप्तराला पाय लागतो, म्हणून देव असलेला कागद कव्हराला चालायचा नाही. एखाद्या मिक्सरच्या भांड्यामागून लक्ष्मीचा नुसता हात डोकावत असला तरी तो कागद बाजूला. अशा कागदांनी आमच्या देवघराची फळी आणि डब्यांचं कपाट मढलेलं होतं. उरलेले आमच्या वाट्याला.

चौथीपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाचवीत मात्र शेजारी बसणाऱ्या मुलीने माझं विज्ञानाचं पुस्तक दोन बोटांनी उचललं आणि विचारलं, की तुमच्याकडे दुकानातला कागद आणत नाहीत का. तिच्या बोलण्यात कुजकेपणा नसावा, पण मागचा अख्खा बाक हसला. मी घरी आले, दार लावून घेतलं आणि सगळ्या पुस्तकांची कव्हरं काढून उलटी घातली. पांढरी बाजू बाहेर, रंग आत. अक्का म्हणाली की अशी पांढरी कव्हरं आठवड्यात मळतील. मळू देत, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझं एक पुस्तक सहज हातात घेतलं. बोटाने कव्हराची दुमडलेली कड उचलून आत पाहिलं, कड पुन्हा बसवली आणि पुस्तक होतं तिथे ठेवलं. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडून मी मोकळी झाले असते. मला भांडण चालतं, गप्प बसणं सोसत नाही.

पुढच्या सगळ्या इयत्तांमध्ये माझी कव्हरं उलटीच राहिली. पण एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती. भूगोलाच्या तासाला, बाई फळ्याकडे वळल्या की, मी कव्हराची कड वर करून आत बघत बसायचे. निळा लालवर चढून तिसराच कुठला तरी रंग झालेला असायचा. दोन आकारांच्या मधे केसाएवढी पांढरी फट राहिलेली असायची, आणि ती फट का कोण जाणे सगळ्यात छान वाटायची. वर्षाच्या शेवटी कुठल्या पुस्तकात कुठला रंग कुठे आहे हे मला तोंडपाठ असायचं. धडे विचारू नका.

अण्णांना हे कागद दिसायचेच नाहीत. म्हणजे डोळ्यांनी दिसत असतील, पण त्यांच्या लेखी ते नव्हतेच. त्यांची सगळी भक्ती रंग बसण्यावर होती. छापताना एक रंग दुसऱ्यावर नेमका बसला पाहिजे, केसभरही इकडेतिकडे नाही. याला ते ‘रजिस्टर’ म्हणत. शर्टाच्या खिशात एक छोटं घडीचं भिंग कायम असायचं. लग्नाची पत्रिका आली की आम्ही मुहूर्त आणि कार्यालय बघायचो, अण्णा भिंग लावून गणपतीची सोंड बघायचे. दुधाच्या पिशवीवरच्या गाईचे ओठ सरकलेले असले तर चहा पिताना चेहरा कडू. आमच्या घरात माणसंसुद्धा चांगली किंवा वाईट नसायची, बसलेली किंवा सरकलेली असायची. अक्काला बघायला आलेला मुलगा परत गेल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, की पोरगं बसलेलं आहे. लग्न ठरलं. माझ्याबद्दल त्यांचं मत ‘स्वल्प सरकलेली’ असं होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

पहाटे कारखान्याची बस होसूर रोडच्या दिशेने निघायची ती पकडायला अण्णा अंधारात बाहेर पडायचे. संध्याकाळी परतले की मोरीत रॉकेलच्या बोळ्याने नखं घासायचे. तो वास, त्याच्यामागून साबणाचा वास, आणि मग कुकरची शिट्टी. आजही कुठे रॉकेलचा वास आला की मला भूक लागते. कारखान्यात बाहेरच्या माणसाला सोडत नसत, त्यामुळे अण्णा दिवसभर जे करत ते आम्ही कधी पाहिलं नाही. आम्हाला ठाऊक होते ते फक्त त्यांचे हात आणि पलंगाखालचा वेस्ट.

मी डिझाइन शिकले. त्याचं कारण तो कागद होता हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. नोकरी व्हाइटफील्डला लागली, घरापासून जवळ, म्हणजे नकाशावर जवळ. ऑफिसच्या कॅबमध्ये रोज दीड तास. काम होतं मोबाइलच्या पडद्यावर बटण कुठे ठेवायचं ते ठरवायचं. अकरा वर्षं मी बटणं ठेवली. गोल, चौकोनी, कडा घासलेली. अण्णांना ते काम आवडलं होतं, कारण पडद्यावर काहीच सरकत नाही. माझी बटणं ते मोबाइल नाकाशी धरून भिंगातून बघायचे आणि मान डोलवायचे.

ऑफिसात पुण्याची एक मुलगी होती. तिला माझं मराठी ऐकून हसू फुटायचं. आमचं घराणं इथे कुठल्या काळात येऊन राहिलं ते आम्हालाच ठाऊक नाही. घरात मराठी, पण त्यात ‘बरं’च्या जागी ‘सरी’ आणि ‘उगाच’च्या जागी ‘सुम्ने’ पेरलेलं. ती म्हणायची की तुझं मराठी ऐकलं की कुणी तरी पत्र वाचून दाखवतंय असं वाटतं, मधेच भाजी घ्यायला गेल्यासारखं कन्नड. मी म्हणायचे, तुझं मराठी ऐकलं की मला शब्दकोश लागतो, आणि तोही इंग्रजी. अशी आमची मैत्री जमली.

या मैत्रिणीने तिथेच एका मोठ्या संकुलात घर घेतलं आणि भिंतीवर लावायला काही तरी करून दे म्हणाली. मी एका शनिवारी बसले. काय करावं सुचेना. हात आपोआप चालला तेव्हा पडद्यावर आली ती एक निळी पट्टी, तिच्यात एक गोल भोक, आणि त्या भोकात बसावा एवढाच एक लाल गोल. फक्त लाल गोल डावीकडे किंचित सरकलेला. त्यामुळे उजवीकडे चंद्रकोरीसारखी पांढरी फट, आणि डावीकडे लाल निळ्यावर चढून गडद जांभळी कड. एवढंच चित्र. मी ते बराच वेळ बघत राहिले आणि मग मला भूगोलाचा तास आठवला.

त्यानंतर मी दर शनिवार-रविवारी तशी चित्रं करू लागले. मोबाइलवर टाकली, ओळखीच्यांनी घेतली, मग अनोळखी लोक विचारू लागले. मी ती डिजिटल छपाईच्या दुकानातून छापून घेऊन द्यायचे. ती छपाई मला कधी आवडली नाही, शाई कागदावर नुसती बसलेली असायची, आत उतरायची नाही. तरी चित्रं जात होती. मग त्याच मैत्रिणीच्या संकुलाच्या कमिटीने ठरवलं, की दोन्ही टॉवरच्या प्रत्येक मजल्यावर, लिफ्टच्या समोर, ते पहिलं चित्र लावायचं. चाळीस प्रती. मैत्रिणीने सांगितलं की लिफ्टची वाट बघताना लोकांना काही तरी बघायला हवं, आणि त्या फटीकडे बघितलं की कुणी तरी दार किलकिलं ठेवून गेलंय असं वाटतं. मी दुसऱ्याच दिवशी नोकरीचा राजीनामा दिला. घाईच होती, पण माझं सगळं असंच असतं.

चाळीस प्रती खऱ्या शाईने, खऱ्या मशीनवर छापायच्या हे मी मनाशी ठरवलं. आणि मशीन म्हणजे अण्णा. ते तेव्हा निवृत्त झाले होते, पण कारखान्यातल्या एका जुन्या मित्राने बोम्मसंद्र्यालाच छोटी प्रेस टाकली होती, तिथे आठवड्यातून तीन सकाळी जायचे. एकरंगी जुनं मशीन. एक रंग छापायचा, वाळवायचा, मग दुसरा चढवायचा. अण्णा म्हणायचे की त्या मशीनला हात लावला नाही तर त्यांचे गुडघे दुखतात.

इथे मला कबूल करायला हवं. मला एका गोष्टीची फार भीती होती. अण्णा ते चित्र बघून ‘वेस्ट’ म्हणतील याची. बाकी जगाने म्हटलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं. पण अण्णांनी म्हटलं असतं तर ते वेस्टच झालं असतं, माझ्यासाठी सुद्धा. तोपर्यंत मी त्यांना माझं एकही चित्र धड दाखवलं नव्हतं. ‘भिंतीवरचं काही तरी करते’ एवढंच त्यांना माहीत. म्हणून मी काय केलं, तर दोन्ही रंगांच्या प्लेट, म्हणजे मशीनवर चढवायचे पत्रे, करून घेतल्या, कागद घेतला, आणि सकाळी चहा पिताना घाईघाईत सांगितलं की दोन रंग आहेत, निळा आधी, चाळीस प्रती हव्यात, थोड्या जास्त काढा. नमुना दिला नाही. लाल सरकलेला आहे, मुद्दाम आहे, हे सांगितलं नाही. आणि ऑफिसची कॅब आली म्हणून निघून गेले, राजीनाम्यानंतरचा नोटिशीचा काळ अजून चालू होता.

तीन दिवसांनी संध्याकाळी ते गठ्ठा खांद्यावर घेऊन घरी आले. दोन बस बदलून आणलेला, खाकी कागदात बांधलेला, एका कोपऱ्यालाही धक्का नाही. जेवणाचं टेबल पुसून घेतलं, दोरी सोडली आणि वरचा कागद माझ्यापुढे सरकवला. असा चेहरा मी त्यांचा अक्काच्या लग्नातही पाहिला नव्हता.

“प्लेटवाल्यानं घोळ घातला होता,” ते म्हणाले. “लाल दीड मिलिमीटर सरकलेला. मी बसवून घेतला. एक कागद हललेला नाही, भिंग लावून बघ.”

मी पाहिलं. निळ्या भोकात लाल गोल तंतोतंत बसला होता. फट नाही, जांभळी कड नाही. शाई मात्र इतकी सुंदर उतरली होती की तसा निळा मी आजवर छापलेला पाहिला नव्हता. आणि चित्र एखाद्या विमा कंपनीच्या बोधचिन्हासारखं दिसत होतं. चाळीसच्या चाळीस.

कागदाच्या कडेला जुळवणीच्या खुणा असतात, बारीक फुल्या. दोन्ही रंगांच्या फुल्या एकमेकींवर आल्या की रंग जागेवर आले असं समजायचं. अण्णांनी त्या फुल्या जुळवल्या तेव्हा गोल सरकला. मग त्यांनी फुल्यांना खोटं ठरवलं आणि गोलाला खरं मानलं. चाळीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस दुसरं काय करणार होता? हे मला आज कळतं. त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांपुढे चार दिवसांनी येणारी कमिटी होती, दिलेला राजीनामा होता, आणि माझं तोंड सुटलं.

“कुणी सांगितलं होतं बसवायला? ती फट म्हणजेच चित्र होतं,” मी म्हणाले. “हे सगळं वेस्ट आहे.”

तो शब्द मी उच्चारला आणि मलाच ऐकू आला. आई स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात धरून उभी राहिली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वरचा कागद गठ्ठ्यावर ठेवला, चारी बाजू हाताने सारख्या केल्या, खाकी कागद गुंडाळला आणि दोरी पुन्हा तशीच बांधली. त्यांच्या अख्ख्या नोकरीत त्यांच्या हातून निघालेल्या मालाला कुणी वेस्ट म्हटलं नव्हतं. ते काम त्यांच्या पोटच्या मुलीने केलं.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ते निघून गेले होते. त्यांचा प्रेसला जायचा तो दिवसही नव्हता. आईला विचारलं तर ती म्हणाली, डबा घेऊन गेले. मी दिवसभर ऑफिसात बसून डिजिटल दुकानांना फोन करत होते. संध्याकाळी अण्णा परतले. मोरीत गेले. रॉकेलचा वास आला. बाहेर आले तरी नखांच्या कडा निळ्याच होत्या.

“उरलेल्या कागदावर निळा चढवून ठेवलाय,” ते म्हणाले. “उद्या सुट्टी काढ, मशीनपाशी येऊन उभी राहा. ओके शीट कुठं दिलास तू मला?”

प्रेसमध्ये एक रिवाज आहे. काम पूर्ण छापायला घेण्याआधी पार्टीने, म्हणजे ज्याचं काम आहे त्याने, मशीनपाशी येऊन पहिला नीट आलेला कागद बघायचा आणि त्यावर सही करायची. तो ओके शीट. मशीनमन तो समोर टांगतो आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून बघतो. पार्टीने जे मान्य केलं ते बरोबर, मग त्यात देवाला तीन डोळे का असेनात. ओके शीट नसेल तर मशीनमन आपल्या डोळ्याने जातो. अण्णांचा डोळा मला माहीत होता, आणि मी ओके शीट दिला नव्हता. चूक कुणाची हे त्यांनी एका प्रश्नात सांगून टाकलं, तेही आवाज न चढवता. सरी, येते, मी म्हटलं.

आम्ही बसने गेलो. मी खिडकीत, अण्णा शेजारी, मांडीवर डबा. होसूर रोडला गाडी अडकली तशी ते मला बाहेरची गोदामं दाखवू लागले. इथे पूर्वी अमुक छापायचे, तिथला मशीनमन फार पक्का होता, आता मुलाकडे म्हैसूरला असतो. एवढं सलग बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आम्ही पस्तीस वर्षं एका घरात राहत होतो आणि त्यांच्या रस्त्यावरून मी पहिल्यांदा जात होते.

प्रेस म्हणजे पत्र्याची एक शेड. अण्णांच्या मित्राने मला खुर्ची दिली आणि कॉफी सांगितली, पण अण्णांनी मला खुर्चीत बसू दिलं नाही. पार्टी उभी राहते, म्हणाले. मग त्यांनी चष्मा बदलला, बाह्या वर केल्या आणि मशीन सुरू केलं. घरी बूट घालतानासुद्धा भिंतीला धरणारा माणूस तिथे असा वावरत होता की मी बघतच राहिले. हात एका चाकावर, कान मशीनच्या खडखडाटाकडे. आवाज जरा बदलला की न बघता हात पुढे जायचा आणि काही तरी आवळायचा.

रंग जुळवायला त्यांनी आधी वेस्ट घातला. प्रेसमध्ये पडलेले जुने कागद, कुठल्याशा लोणच्याची लेबलं, कुठल्या शाळेची प्रवेशपत्रं. त्यांच्यावर माझा लाल गोल येऊन बसू लागला, लोणच्याच्या बरणीवर, शाळेच्या नावावर, एकामागून एक. ते कागद पलीकडच्या टोकाला पडत होते आणि मी एकेक उचलत होते. माझ्या शाळेच्या पुस्तकांची कव्हरं माझ्यासमोर जन्माला येत होती. डोळे भरून आले आणि शाईच्या वासाने आले असं मला म्हणता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

अण्णांनी मशीन थांबवलं. माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं.

“तू कव्हरं उलटी घालायचीस,” ते म्हणाले.

“आतून बघायचे मी, अण्णा,” मी म्हटलं. “रोज, वर्गात.”

त्यांनी चिंधीने एकेक बोट पुसलं. मग निळा चढवलेला एक चांगला कागद आत सोडला, बाहेर आल्यावर टेबलावर ठेवला आणि विचारलं, की फट किती हवी. नखाएवढी, मी म्हटलं. नखाएवढी म्हणजे किती, दीड की दोन? मी म्हटलं, मला असं सांगता येत नाही, डोळ्याने बघून सांगते. त्यांनी सुस्कारा सोडला, पण पार्टीपुढे बोलायचं नाही हा नियम त्यांनी पाळला. केसभर इकडे, केसभर तिकडे असे सात-आठ कागद निघाले. एकावर मी थांबले. हा, मी म्हटलं.

त्यांनी शिसपेन्सिल पुढे केली. मी खाली उजव्या कोपऱ्यात सही केली. त्याखाली त्यांनी वेळ लिहिली आणि आपली आद्याक्षरं घातली. बेंगळुरूमधल्या, आता तर बाहेरच्याही, किती तरी कागदांवर मी त्यानंतर सह्या केल्या आहेत. लोक त्या सहीसाठी चित्र घेतात असंही मला सांगतात. पण अण्णांच्या शिसपेन्सिलीने केलेली सही ती एकच. ओके शीट मशीनमनकडे राहतो, पार्टीला मिळत नाही, त्यामुळे ते चित्र माझ्याकडे नाही. अण्णांच्या कपाटात आहे, त्यांच्या पेन्शनच्या कागदांखाली.

चाळीस आणि वर थोडे कागद छापून झाले. दर चार कागदांनी ते एक काढून भिंगातून ओके शीटशी ताडून बघत होते. फट सगळीकडे तेवढीच, जांभळी कड सगळीकडे तेवढीच. इतकी शिस्तीत सरकलेली छपाई मी त्यानंतर कुणाकडून करून घेऊ शकलेले नाही. मैत्रिणीच्या संकुलात ती चित्रं आजही आहेत, आणि मी कधी तिच्याकडे गेले की मुद्दाम दोन मजले आधी उतरते. आधीचे चाळीस, नीट बसलेले, आमच्या माळ्यावर आहेत. त्यातला एक अण्णांनी चौकट करून बाहेरच्या खोलीत लावला. कुणी आलं की ते पाहुण्याला त्याच्यापुढे उभं करतात आणि भिंग हातात देतात. आता त्यांना फारसं दिसत नाही, प्रेसही गेली, मशीन भंगारात निघालं. दुपारी गॅलरीत बसून ते मेट्रो मोजतात. पण त्या चित्रापाशी त्यांचा आवाज अजून कणखर होतो.

त्या दिवशी शेवटी गठ्ठा बांधायच्या आधी अण्णा एकेक कागद उलटून बघत होते. मधेच थांबले. एक कागद मशीनमध्ये जाताना आधाराला नीट टेकला नसावा. थोडा तिरका शिरला होता, आणि योगायोगाने त्याच्यावरचा लाल गोल निळ्या भोकात अचूक बसला होता. त्यांनी भिंग लावलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ज्याच्यासाठी त्यांनी आयुष्यभर डोळे फोडले तेच ते होतं, आपसूक आलेलं. त्यांनी कानामागची शिसपेन्सिल काढली आणि त्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली.

“वेस्ट,” ते म्हणाले. “नीट बसलाय.”

मग तो कागद त्यांनी जपून दुमडला आणि डब्याच्या पिशवीत ठेवला, कव्हराला होईल म्हणून. घरात शाळेत जाणारं कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी तो माझ्या टेबलावर होता. माझी चित्रांची कच्ची वही तेव्हा नवीनच आणलेली होती. मी कात्री आणि डिंक घेतला, चटईवर बसले आणि तिला कव्हर घातलं. रंगाची बाजू बाहेर ठेवून, फुलीसकट.